चाळीस अक्षरांचा दाखला

पॅकेज मॅनेजर या संगणकीय प्राण्याची व्याख्या पाठ्यपुस्तकांतून मोठ्या गांभीर्याने दिलेली असते. परंतु कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि खिशात यादी घेऊन लग्नघरात फिरणारा एखादा मामा ज्याने पाहिला आहे, त्याला त्या व्याख्येवाचून काही अडत नाही. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला आणि पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगा प्रोग्रामचा गठ्ठा म्हणजे पॅकेज. असे गठ्ठे कोठून आणायचे, त्यांतला कोणता कोणावाचून चालत नाही, आणि कोणाची कितवी आवृत्ती कोणाच्या कितव्या आवृत्तीशेजारी बसवली असता घरात भांडण होते, हे सारे डोक्यात ठेवणारा तो पॅकेज मॅनेजर. धाकट्या आत्या काकूंच्या पंक्तीला बसणार नाहीत, काकूंना वन्संवाचून घास जात नाही, आणि वन्संनी तर थोरल्या आत्या जेथे असतील तेथेच बसायचे ठरवलेले आहे, अशा अटी सांभाळून पंगत बसवण्याचा हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गात मोडतो, म्हणजे तो हमखास आणि झटपट सोडवण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. संगणकशास्त्राला त्यासाठी सिद्धता मांडावी लागली. मामांना ते उपजतच ठाऊक असते.

या मामांच्या स्वभावातील एक विसंगती मात्र शास्त्रकारांनी म्हणावी तितकी मनावर घेतलेली दिसत नाही. साऱ्या वऱ्हाडाला नवे कपडे मिळाले की नाही हे पाहणारा हा गृहस्थ स्वतः जुन्याच सदऱ्यात वावरत असतो, आणि त्याला दुसऱ्याच कोणीतरी धरून नवा सदरा चढवावा लागतो. चालू असलेल्या प्रोग्रामने स्वतःलाच काढून स्वतःच्या जागी दुसरा स्वतः बसवणे, हे वाढता वाढता धोतर बदलण्याइतके अवघड आणि तितकेच अप्रशस्त काम आहे. पायथॉन या भाषेत, २०१४ साली आलेल्या ३.४ या आवृत्तीपासून, ‘पिप’ नावाचा पॅकेज मॅनेजर भाषेसोबतच देण्याची सोय झाली, आणि त्यासाठी ‘एन्शुअरपिप’ नावाचे मॉड्यूल पिपची एक प्रत पोटात बाळगून असते. पण ही प्रत त्या पायथॉनच्या जन्माच्या वेळची असल्यामुळे, कामाला लागल्या लागल्या पिप बहुधा जी बातमी देतो ती आपण शिळे झाल्याची असते. विंडोजवर तर चालू असलेली फाइल बदलू दिली जात नाही, म्हणून पिपला पिपच्या नावाने हाक मारून बदलता येत नाही. हाक पायथॉनला मारावी लागते आणि पायथॉनकरवी पिपला निरोप द्यावा लागतो. जुन्या वाड्यांतून सुना सासऱ्यांपर्यंत आपले म्हणणे याच मार्गाने पोचवीत असत, आणि तेथेही निरोप पोचेपर्यंत सासऱ्यांना जागचे हलवता येत नसे.

या विसंगतीचा खोलात जाऊन अभ्यास करायचा असेल तर ‘ज्युलिया’ या भाषेकडे वळावे. गणिती आणि शास्त्रीय आकडेमोडीसाठी तयार झालेली ही भाषा जेफ बेझान्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि ॲलन एडेलमन या चौघांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये जगापुढे ठेवली, आणि तिची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये बाहेर पडली. तिच्या पॅकेज मॅनेजरचे नाव ‘पीकेजी’. पॅकेज या इंग्रजी शब्दातील सारे स्वर आणि वाटेत आलेले एक व्यंजन काढून टाकल्यावर जो सांगाडा उरतो, तो म्हणजे हे नाव. पीकेजी हा ज्युलियाच्या ‘स्टँडर्ड लायब्ररी’चा, म्हणजे भाषेबरोबर घरात येणाऱ्या सामानाचा भाग मानला जातो, परंतु त्याचे लेखन, दुरुस्त्या आणि भांडणे एका स्वतंत्र भांडारात चालतात. थोडक्यात, तो एकत्र कुटुंबात राहतो, पण त्याची चूल वेगळी आहे. त्या वेगळ्या चुलीवर शिजलेले थोरल्या घराच्या पंगतीत कधी आणि कोणत्या विधीने वाढायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

येथे ‘सोर्सपासून बांधणे’ या क्रियेची ओळख करून देणे अगत्याचे आहे. बहुतेक माणसे भाषा तयार स्वरूपात उतरवून घेतात आणि कामाला लागतात. परंतु चकली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असतानाही भाजणी घरी भाजून, ती गिरणीतून दळून आणल्याखेरीज जिला दिवाळी आल्यासारखे वाटत नाही, अशी एक जमात प्रत्येक समाजात असते, आणि संगणकाच्या जगातील ही जमात मूळ लिखित प्रोग्राम, म्हणजे सोर्स, उतरवून घेऊन त्यापासून भाषा स्वतः बांधते. या बांधणीचा मुकादम म्हणजे ‘मेक’ हा प्रोग्राम. त्याचा मूळ पुरुष १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि आज वापरात असलेला त्याचा ग्नू वंशज त्या घराण्याची सोवळीओवळी जशीच्या तशी पाळतो. मेकच्या नियमावलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबने करावी लागते, तेथे स्पेस चालत नाही; आणि ज्या फोल्डरात बांधणी करायची त्याच्या किंवा त्याच्या कोणत्याही पूर्वजाच्या नावात स्पेस असेल, तर बांधणी वाईट रीतीने कोसळेल अशी सूचना ज्युलियाच्या माहितीपत्रकात स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’ उघडून त्यात आयुष्य काढणाऱ्यांना या एका वाक्यात संप्रदायाबाहेर ठेवले गेले आहे. नावात मोकळी जागा असलेला फोल्डर मेकला एक फोल्डर वाटत नाही, दोन वाटतात, आणि त्यांपैकी एकही त्याला सापडत नाही.

बांधणीपूर्वी जमवावयाच्या साहित्याची यादी पाहिली असता एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. जुन्या भाषांचा संथपणा आणि अडगळ मागे टाकण्याच्या प्रतिज्ञेने जन्मलेल्या या तरुण भाषेच्या बारशाला जी वडीलधारी मंडळी हजर लागतात, त्यांत सी आहे, पर्ल आहे, १९७७ सालचे ऑक आणि त्याच काळातले एम-फोर आहे, आणि ज्याचा पहिला कंपायलर आयबीएमने १९५७ साली दिला, त्या फोरट्रानचाही कंपायलर मागितलेला आहे. गणिती ग्रंथालयांचा जुना ऐवज फोरट्रानमध्ये असल्यामुळे त्याला वगळून चालत नाही. ज्याची जागा घ्यायची त्यालाच आधी पाटावर बसवून ओवाळावे लागते. शिवाय सुमारे दोन गीगाबाइट जागा आणि चार गीगाबाइट स्मृती मोकळी ठेवावी, असेही तेथे सांगितले आहे. यजमानाने मग ‘मेक’ असे एका शब्दाचे मंत्रोच्चारण करून दूर व्हावयाचे असते. संगणकाचा पंखा गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज करू लागतो, काळ्या पडद्यावरून ओळी वाहू लागतात, आणि घरातील इतर माणसे त्या ओळींकडे पाहून यजमान काहीतरी महत्त्वाचे काम करीत आहे असा समज करून घेतात, जो यजमान सहसा दूर करीत नाही.

आता मुख्य विधीकडे. ज्युलियाच्या सोर्समध्ये ‘स्टॅंडर्ड लायब्ररी’च्या कप्प्यात पीकेजीचा प्रोग्राम शोधू गेल्यास प्रथम तो सापडतच नाही, त्याच्या जागी ‘पीकेजी डॉट व्हर्जन’ नावाची चार ओळींची एक चिठ्ठी पडलेली असते. पहिल्या ओळीत शाखेचे नाव, दुसरीत चाळीस अक्षरांचा एक आकडा, आणि उरलेल्या दोन ओळींत माल कोठून उचलायचा त्याचे दोन पत्ते. मामा स्वतः घरात नाहीत, मामांचा दाखला आहे. आणि मेक हा मुकादम तो दाखला वाचून, पत्त्यावर जाऊन, त्या आकड्याशी जुळणारे मामा उचलून आणतो. चिठ्ठीतील ती चाळीस अक्षरे शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे यांतून बनलेली असतात, आणि १९९५ सालच्या ‘शा-वन’ या गणिती रीतीने ती काढलेली असतात. या रीतीला हॅश म्हणतात: कितीही मोठा मजकूर आत घातला तरी बाहेर ठराविक लांबीचा आकडा येतो, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम हलवला तरी आकडा पार बदलतो. प्रोग्राम लिहिणारे आपल्या कामाची जी एकेक नोंद ‘कमिट’ या नावाने भांडारात टाकतात, तिची ओळख हाच आकडा. त्याला अर्थ नाही, क्रम नाही, उच्चार नाही. दोन आकड्यांपैकी नवा कोणता हे पाहून सांगता येत नाही. माणसांना लक्षात ठेवण्यासाठी १.१०, १.११ अशी सुबक नावे आहेत, परंतु मुकादमाचा सुबक नावांवर विश्वास नाही, आणि तो का नाही हे ज्याने सरकारी कचेरीत एकाच नावाचे तीन अर्जदार पाहिले आहेत त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

पीकेजी अद्ययावत करणे म्हणजे, अखेरच्या हिशेबी, ही चाळीस अक्षरे पुसून तेथे दुसरी चाळीस अक्षरे लिहिणे. वेगळ्या चुलीवर अनेक माणसांनी आठवडेच्या आठवडे केलेला खल, सोडवलेल्या चुका, नव्याने निर्माण केलेल्या चुका आणि सौजन्याने दडपलेले मतभेद, हे सारे थोरल्या घराच्या दप्तरात एका लाल आणि एका हिरव्या ओळीने नोंदले जाते: लाल ओळीत जुना आकडा, हिरव्या ओळीत नवा. या बदलाला ‘बम्प’ म्हणण्याची पद्धत आहे. मूळ शब्दात पुढे सरकवण्याचा भाव असला, तरी महाराष्ट्रातील रस्त्यांवर वाढलेल्या वाचकाला बम्प म्हटल्यावर जे आठवते आणि जे माकडहाडाला जाणवते, तेही येथे अगदीच गैरलागू नाही.

परंतु दाखला बदलला म्हणजे काम संपले असे मानणारा नवखा येथे फसतो. पत्त्यावरून आलेला गठ्ठा वाटेत बदलला गेलेला नाही याची खात्री पटावी म्हणून ‘चेकसम’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक गठ्ठ्याच्या नावाने एक फोल्डर असतो. त्या फोल्डरच्या नावात ती चाळीस अक्षरे पुन्हा आलीच, आणि आत दोन फाइली असतात, एकीचे नाव ‘एमडी-फाइव्ह’ आणि दुसरीचे ‘शा-५१२’. हा सरळ सरळ पंचनामा आहे, आणि कायद्याप्रमाणे त्याला दोन पंच आहेत. गठ्ठा हाती आला की त्याचा हॅश नव्याने काढून पंचांनी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा, आणि जुळला नाही तर बांधणी तेथेच थांबवायची. यांपैकी शा-५१२ हा पंच १२८ अक्षरांची सविस्तर साक्ष देणारा, भरभक्कम आणि आजवर न फुटलेला आहे. एमडी-फाइव्हची साक्ष मात्र ३२ अक्षरांची असून, दोन वेगळ्या मजकुरांवर तो एकच आकडा देऊ शकतो हे चीनमधील गणितज्ञ शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले, तेव्हापासून कोणत्याही गंभीर न्यायालयात त्याला उभे केले जात नाही. तरीही येथे त्याला बोलावणे आहेच. गावच्या पंचनाम्यावर सेवानिवृत्त पोलीस पाटलाचा अंगठा अजून घेतात, कारण तो ओट्यावर बसलेलाच असतो आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे दिसत नाही, तसाच हा प्रकार असावा. खुद्द दाखला ज्या शा-वनने काढलेला, त्याचीही टक्कर २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी घडवून दाखवली. म्हणजे घराच्या या एका व्यवहारात तीन साक्षीदार आहेत, आणि त्यांतील दोघांच्या चारित्र्याविषयी गावात कुजबुज आहे.

हे पंचनामे हाताने लिहिण्याचे कारण नाही, त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. तिने नवा फोल्डर तयार होतो. जुना फोल्डर मात्र आठवणीने काढावा लागतो, आणि काढला नाही तर मुदत संपलेली रेशनकार्डे ज्या निष्ठेने कपाटात राहतात त्याच निष्ठेने तो तेथे राहतो. अलीकडे हे सारे काम एक यंत्रमानव, म्हणजे माणसाऐवजी ठराविक कामे करणारा प्रोग्राम, आपण होऊन करतो: आधीचा आणि नंतरचा आकडा शीर्षकात घालून, मधल्या काळातील कमिटांची यादी जोडून तो प्रस्ताव मांडतो, आणि माणसांकडे फक्त मान डोलावण्याचे काम उरते. चाळीस अक्षरे न चुकता उतरवणे हे माणसाचे काम नव्हतेच. यंत्रमानव येण्यापूर्वीच्या काळात कोणी ती वाचून दाखवीत असेल आणि कोणी लिहून घेत असेल, तर त्या दोघांमधील संबंध पुढे कसे राहिले याची इतिहासाने नोंद ठेवलेली नाही.

याहून गमतीचा प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा पीकेजीमध्ये स्वतः केलेली दुरुस्ती कोणाला आपल्याच ज्युलियात चालवून पाहायची असते. सुरू होण्यास वेळ लागू नये म्हणून ज्युलिया आपल्या सामानाचा मोठा भाग आधीच शिजवून एका फाइलीत ठेवते, जिला ‘सिस्टिम इमेज’ म्हणतात, आणि पीकेजी हा दीर्घकाळ त्या फाइलीत मुरलेला होता. त्यामुळे दुरुस्त केलेला पीकेजी दारात येऊन उभा राहिला, तरी ज्युलिया म्हणे की हे गृहस्थ तर आधीच घरात आहेत, आणि आतल्याच जुन्या मामांना कामाला लावी. कारण ओळख नावावरून नव्हे, ‘यूयूआयडी’ नावाच्या ३२ अंकाक्षरांच्या ओळख क्रमांकावरून पटवली जाते, आणि बाहेरच्या व आतल्या मामांचा क्रमांक एकच. यावर पीकेजीच्या अधिकृत माहितीपत्रकाने जो उपाय सांगितला होता, तो ज्युलियाच्या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत मानवी उपाय मानावा लागेल: क्रमांकाच्या सुरुवातीला ‘४४सी’ असे आहे, तेथे ‘५४सी’ करून टाकावे. एका आकड्याची खाडाखोड झाली की ज्युलियाच्या लेखी हा कोणी वेगळाच पाहुणा ठरतो, आणि त्याला रीतसर आत घेतले जाते. भाषेच्या चार जनकांपैकी विरल शाह यांनी आधार प्रकल्पात काम केलेले आहे आणि नंदन निलेकणी यांच्यासह २०१५ साली ‘रीबूटिंग इंडिया’ हे पुस्तकही लिहिले आहे. ज्यांनी सव्वाशे कोटींच्या देशाला बनावट ओळखीपासून वाचवण्याचा विचार केला, त्यांच्या घरच्या कारभाऱ्याला घरात शिरण्यासाठी स्वतःच्या ओळखपत्रावर चाराचा पाच करावा लागावा, यात कोणाचाही दोष नाही, पण योग मोठा आहे.

ज्यांना खाडाखोड मानवत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. बांधणी सुरू करताना मेकला ‘डेप्स-गिट’ या चलापुढे पीकेजीचे नाव लिहून दिले, की तो गठ्ठा न आणता पीकेजीचे संपूर्ण भांडारच, इतिहासासकट, घरातील एका खोलीत आणून मांडतो, आणि त्यानंतर त्या खोलीत कोणते कमिट ठेवायचे हा बांधणाऱ्याचा प्रश्न. दाखल्याऐवजी मामाच राहायला आल्यावर ज्या अडचणी येतात त्या येथेही येतात. दुरुस्तीला थोरल्या घराचीही साथ लागणार असेल, म्हणजे पीकेजीचा नवा भाग ज्युलियात अजून नसलेल्या एखाद्या फंक्शनवर अवलंबून असेल, तर तिढा आणखी वाढतो: ज्युलियाच्या बदलाची परीक्षा जुन्या पीकेजीसोबत होते, पीकेजीच्या बदलाची परीक्षा जुन्या ज्युलियासोबत, आणि ‘पहले आप’ या लखनवी शिष्टाचारात गाडी फलाटावरच राहण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी कोणीतरी अनुभवी माणूस एका बाजूला दोन्ही काळांत चालेल असा सावध, थोडा कुरूप मजकूर लिहून वाट काढतो, आणि तो कुरूप मजकूर पुढे कित्येक वर्षे, तात्पुरता म्हणून, तेथे सुखाने नांदतो.

तात्पर्याची घाई न करता विधीचा शेवटचा भाग पाहावा. दाखला बदलला, पंचनामा झाला, जुना फोल्डर काढला, मेकने पुन्हा एकदा गठ्ठा आणून, ताडून, शिजवून सिस्टिम इमेज तयार केली, पंखा शांत झाला, आणि नव्याने बांधलेली ज्युलिया आपल्या हिरव्या अक्षरांच्या पाटीसह पडद्यावर आली. तेथे उजवा चौकोनी कंस दाबला की हिरवी पाटी निळी होते आणि पीकेजी हजर होतो, हा त्याला बोलावण्याचा संकेत. बांधणारा स्वाभाविकपणेच पहिली आज्ञा देतो ती ‘अप’, म्हणजे जे जे जुने असेल ते ते नवे करून आण. नवे मामा, नव्या सदऱ्यात, पॅकेजांची सार्वजनिक नोंदवही, जिला रजिस्ट्री म्हणतात, ती उघडतात, वरपासून खालपर्यंत चाळतात, नव्या बांधणीच्या रिकाम्या यादीशी पडताळून पाहतात, आणि काहीही बदल नाही अशा अर्थाची एक ओळ लिहून पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभे राहतात.